एमआरपीवरची सूट बंद करा, गोळीचा भाव विचारा

जबलपूर हे पगारदारांचं गाव आहे. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालयही इथेच आहे. शिवाय वीज मंडळातून फुटलेल्या कंपन्या, हायकोर्ट आणि छावणी. भोसल्यांच्या अमदानीत, पुढे मध्य प्रांताच्या काळात नागपूर-वऱ्हाडातून आलेली आमची मराठी घरंही बहुतेक याच पगारांवर आणि याच पेन्शनींवर चालत आली. रांझीत, खमरियात किंवा गोलबाजारात सकाळी चहाबरोबर रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाच्या मागे त्यामुळे बहुधा कोणीतरी पैसे देणारा उभा असतो. कुठे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, कुठे रेल्वे, कुठे माजी सैनिकांची ईसीएचएस, कुठे ईएसआय, तर कुठे फॅक्टरीचं स्वतःचं हॉस्पिटल.

माझा आरोप या पैसे देणाऱ्यावर आहे. औषधांचा खर्च वाढला म्हणून तो सतत ओरडतो, परिपत्रकं काढतो, रुग्णाला रांगेत उभं करतो, बिलातले रुपये कापतो. पण गोळी आपल्याला कितीला पडते, हा एक प्रश्न तो कधीही विचारत नाही.

खात्री करायची असेल तर स्थानिक औषध विक्रेता नेमण्याच्या निविदेचा कागद उघडा. सीजीएचएसच्या भाषेत हा एएलसी, म्हणजे अधिकृत स्थानिक केमिस्ट. दवाखान्यात जे औषध नसेल ते त्याच्याकडून इंडेंट करून मागवायचं, अशी व्यवस्था आहे. त्याची निवड कशावर होते? छापील किमतीवर, म्हणजे एमआरपीवर, किती टक्के सूट देतो यावर. ज्याची टक्केवारी मोठी त्याला काम. रेल्वेच्या आणि इतर आस्थापनांच्या स्थानिक खरेदीतही हाच खाक्या आहे. मी अशाच एका मोठ्या आस्थापनेच्या हिशेब शाखेत नोकरी केली. निविदांचा तुलनात्मक तक्ता माझ्या टेबलावरून पुढे जायचा. त्यात टक्केच टक्के असत. कोणत्या सॉल्टची, म्हणजे मूळ औषधी घटकाची, कोणती गोळी निव्वळ किती रुपयांना पडणार, हा रकानाच नव्हता. मी वरिष्ठांना विचारलं, तेव्हा मला सांगण्यात आलं की सूट सर्वाधिक आहे, ऑडिटला एवढं पुरतं. ऑडिटला ते खरोखरच पुरत होतं, आणि मला राग येतो तो नेमका याचाच.

कारण एमआरपी हा आकडा येतो कुठून ते पाहा. अनुसूचित औषधांसाठी २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे. त्याआधी १९९५ च्या आदेशात उत्पादनाचा खर्च मोजून त्यावरून किंमत ठरायची. २०१३ मध्ये खर्च मोजणंच सोडून दिलं. बाजारात ज्या ब्रँडांचा वाटा एक टक्का किंवा जास्त आहे, त्यांचा दुकानदाराला पडणारा भाव घ्यायचा, त्याची साधी सरासरी काढायची, वर दुकानदाराचा १६ टक्के नफा धरायचा, की झाली कमाल किंमत. म्हणजे महाग विकणाऱ्यांच्या भावावरूनच महागाईची मर्यादा ठरते. त्यावर दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढ, २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के. आणि या यादीबाहेरच्या बहुतेक औषधांवर कंपनी बाजारात येताना तिला वाटेल तो आकडा छापते. तिला बंधन एकच, वर्षभरात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही. मूळ आकडा अवाच्या सवा असेल तर वाढीला लगाम घालून काय मिळणार?

अशा आकड्यावर सूट मागणं म्हणजे आपला खिसा कापायला आपणच कात्री देणं. समजा एकाच सॉल्टच्या, एकाच ताकदीच्या दहा गोळ्यांच्या एका पत्त्यावर १०० रुपये छापले आहेत आणि दुसऱ्यावर ३०. पहिल्यावर २५ टक्के सूट घेतली तर पत्ता ७५ रुपयांना पडला. दुसऱ्यावर दहाच टक्के मिळाली तरी तो २७ रुपयांत आला. आमच्या तक्त्यात पहिला विक्रेता जिंकायचा. फाइलवर ‘वाजवी दर’ असा शेरा पडायचा आणि प्रत्येक पत्त्यामागे ४८ रुपये वाया जायचे. हे वर्षानुवर्षं, हजारो रुग्णांच्या बाबतीत, महिन्यामागून महिने चालतं.

याला माझा कल्पनाविलास समजू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासून निष्कर्ष जाहीर केले. खरेदी किंमत आणि रुग्णाला लावलेली किंमत यांतली तफावत काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाली. त्याहून महत्त्वाचं होतं ते एनपीपीएने केलेलं निदान. रुग्णालयं घाऊक खरेदी करतात, उत्पादकांना चढी एमआरपी छापायला भाग पाडतात आणि मधला नफा स्वतः ठेवतात. एमआरपी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे छापून मिळते, हे सरकारच्याच प्राधिकरणाने लिहून ठेवलं. ते वाचल्यावरही त्याच सरकारची खाती एमआरपीवर टक्के मागत राहिली. याला अज्ञान म्हणायला मी तयार नाही. विचार न करता सही केली की कोणी विचारत नाही, आणि विचार करून वेगळं काही केलं की चौकशी लागते. या भीतीने आखलेली ही पद्धत आहे.

सीजीएचएसपुरतं बोलायचं तर तिथे स्वस्त वाट नाही असं मुळीच नाही. सरकारी औषध भांडारं आहेत, वैद्यकीय भांडार संघटना आहे. ती दरकरार करून सॉल्टच्या नावाने, घाऊक भावाने माल आणते. ही वाट नीट चालली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता. पण सीजीएचएसच्या औषध खरेदीवरचा कॅगचा अहवाल २०२२ मध्ये संसदेपुढे आला. त्यात दिसलं ते असं: औषधांची सूची आहे, पण सूचीतल्या बहुसंख्य औषधांचे दरकरार झालेलेच नाहीत. दरकरार नाही म्हणून भांडारात माल नाही, भांडारात नाही म्हणून दवाखान्यात नाही, दवाखान्यात नाही म्हणून एएलसीकडून, एमआरपीच्या हिशेबाने. एका अधिकाऱ्याची फाइल सहा महिने पडून राहते आणि त्याच गोळीचा भाव तेवढ्या काळात कितीतरी पटींनी चढतो. तुटवड्यामुळे नुसता त्रास होत नाही, तुटवडा झाला की स्वस्त खरेदीची जागा महाग खरेदी घेते. हा खर्च कोणाच्या नावावर पडतो? कोणाच्याच नाही. तो ‘रुग्णसंख्येत वाढ’ या सदरात मिसळून जातो.

आणि मग काटकसर सुरू होते ती रुग्णाच्या टोकाला. माझ्या शेजारच्या काकू कुटुंब-पेन्शनवर आहेत. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, सगळं जुनं दुखणं. दवाखान्यात गेल्या की खिडकीवर पर्चीवरच्या तीन नावांपुढे ‘एनए’ लिहिलं जातं. त्याचा इंडेंट होतो, माल दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे पुन्हा रिक्षा, पुन्हा रांग. मालही दर वेळी त्याच कंपनीचा नसतो. गेल्या महिन्यात गोळी गुलाबी होती, या महिन्यात पांढरी, पत्त्यावर ब्रँडचं नाव ठळक आणि सॉल्टचं बारीक. काकूंनी घरात उरलेली गुलाबीही घेतली आणि नवी पांढरीही, दोन वेगळी औषधं समजून. चक्कर येऊन पडल्या तेव्हा त्यांच्या मुलीने दोन्ही पत्ते माझ्यासमोर ठेवले. दोन्हींत एकच सॉल्ट, एकच ताकद. काकू शिकलेल्या आहेत, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही वाचतात. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या औषधाला दर महिन्याला नवं नाव देणाऱ्या खरेदीची होती.

या माणसांनी फुकट काही मागितलेलं नाही, हेही स्पष्ट करतो. नोकरीत असताना दर महिन्याला पगारातून सीजीएचएसची वर्गणी कापली जाते. निवृत्तीनंतर आजीवन कार्ड हवं तर दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरावी लागते. महिना १,००० रुपये वर्गणीच्या सर्वात वरच्या श्रेणीत ती १,२०,००० होते. सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या आणि बाह्यरुग्ण सेवा न घेणाऱ्या पेन्शनराला ठोक वैद्यकीय भत्ता मिळतो. तो जुलै २०१७ पासून महिना १,००० रुपये ठरला. त्याच पेन्शनराच्या गोळ्यांची कमाल किंमत पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये १०.७७ आणि १२.१२ टक्क्यांनी वर गेली. त्याच्या खिशावर याचा काय परिणाम झाला हे पाहायला कोणत्या समितीची गरज आहे?

आयुष्मान भारतचं नाव इथे कोणी घेऊ नये. ती योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यावरचे पंधरा दिवस एवढंच औषध तिच्यात बसतं. सोळाव्या दिवसापासून गोळी खिशातून. खासगी कंपन्यांच्या बहुतेक मेडिक्लेममध्येही तेच, खाट भरली तर पैसे मिळणार, आणि खाट भरू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीला काही नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला, असं २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात.

आता एका गोळीची गोष्ट सांगतो, कारण पैसे देणाऱ्याची परीक्षा अशाच वेळी होते. एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध, हृदय आणि मूत्रपिंडासाठीही दिलं जातं. पेटंट होतं तोवर एक गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. मार्च २०२५ मध्ये भारतातलं पेटंट संपलं, आणि त्याच आठवड्यात भारतीय कंपन्यांनी तेच औषध आणलं, काहींनी पाच-सहा रुपयांपासून. साठाची पाचावर! रोज एक गोळी धरली तर वर्षाला माणशी जवळजवळ वीस हजार रुपयांचा फरक. शुद्धीवर असलेल्या कोणत्याही खरेदीदाराने त्या आठवड्यात जुना इंडेंट थांबवून नवा भाव मागवायला हवा होता. पण ज्याची निविदा एमआरपीवर टक्के एवढंच विचारते, त्याला हा फरक दिसायला जागाच नाही. साठावर वीस टक्के सूट मिळाली, करार पाळला गेला, फाइल बंद. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं तेव्हाही भाव असेच कोसळले होते. ही पेटंटं कधी संपणार हे वर्षानुवर्षं आधी माहीत असतं. त्या तारखांची वही किती आस्थापनांच्या औषध विभागात आहे, हे मला दाखवावं.

अमेरिकेत सगळं शिस्तीत असेल, अशी समजूत असेल तर तीही सोडा. तिथे मालकाच्या वतीने औषधांचा भाव ठरवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत. त्यांतल्या तीन मिळून देशातली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनं हाताळतात. त्यांची कमाईही छापील किमतीवरच्या सवलतीत आहे, म्हणून छापील किंमत चढी राहण्यात त्यांचा फायदा आहे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर अंतरिम अहवाल काढला. त्याआधी फेब्रुवारीत जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका कर्मचाऱ्याने आरोग्य योजनेवरून कंपनीवरच दावा लावला. दुकानात काही डझन डॉलरांत मिळणाऱ्या जेनेरिक औषधाच्या ९० गोळ्यांना योजनेने १०,००० डॉलरहून अधिक मोजले, असा तो आरोप होता. दावा करण्याचा अधिकार सिद्ध होत नाही म्हणून न्यायालयाने तो फेटाळला. भावाचा प्रश्न मात्र उत्तराविना राहिला. ज्यांची मुलं न्यू जर्सीत नोकरीला आहेत त्या इथल्या आई-वडिलांनी हे ध्यानात घ्यावं. मुलाची योजना आणि वडिलांची योजना, दोन्हीकडे लूट होते ती त्याच वाटेने.

ही वाट बंद करता येते, आणि त्यासाठी परदेशी जावं लागत नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केलं. सॉल्टच्या नावाने निविदा, गोळीमागे निव्वळ दर, माल वाटण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी, प्रत्येक रुग्णालयाला त्याच्या वाट्याचं पासबुक. कंपनीच्या ब्रँडला तिथे काहीच किंमत नाही. राजस्थानने त्याच धर्तीवर महामंडळ काढून २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं सुरू केली. वडोदऱ्याची लोकॉस्ट ही छोटी संस्था १९८३ पासून साध्या नावाने साधी औषधं बनवून देते. १९७५ मध्ये हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून टाकायला सांगितलं होतं. पन्नास वर्षं झाली, आणि आमच्या मालकांच्या निविदेत सॉल्टचा रकाना अजून आलेला नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो मला गांभीर्याने घ्यायचा आहे: स्वस्त औषध म्हणजे खोटं औषध. डॉक्टरही हे म्हणतात, आणि त्यांच्यातले अनेक जण प्रामाणिकपणे म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावानेच लिहायची सक्ती केली, तेव्हा याच भीतीचा गजर झाला आणि महिना संपायच्या आत आयोगाने नियमच स्थगित केले. भीती खरी आहे, पण तिचा पत्ता चुकला आहे. जबलपूरपासून फार दूर नसलेल्या छिंदवाड्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक मुलं खोकल्याच्या सिरपने गेली. ते सिरप कोल्ड्रिफ, एका ब्रँडचं नाव असलेलं, कांचीपुरममध्ये बनलेलं. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्यात ४८.६ टक्के डायथिलीन ग्लायकॉल सापडलं, जे पोटात जायला नकोच असं विष. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियातल्या त्या आई-बापांना ब्रँडने काय हमी दिली? औषधाची हमी त्याच्या नावातून किंवा किमतीतून येत नाही. प्रत्येक बॅच तपासली तरच येते. आणि ती तपासणी घाऊक खरेदी करणारा मालक करू शकतो, रस्त्यावरच्या दुकानातून दहा गोळ्या घेणारा माणूस करू शकत नाही. एमआरपीच्या पद्धतीत मालक हा अधिकारच सोडून देतो. एएलसीने आज आणलेला पत्ता कोणत्या बॅचचा, हे विचारणारंही तिथे कोणी नसतं.

डॉक्टर महाग ब्रँड का लिहितात, याचा दुसरा भागही बोलायला हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात निकाल दिला की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही. त्या भेटींचा भार शेवटी औषधाच्या किमतीत जातो हेही न्यायालयाने सांगितलं. ज्या योजनेत डॉक्टर लिहील तो ब्रँड आणून द्यायची सोय आहे, ती योजना या भेटींचे पैसे भरते. सगळे डॉक्टर असे आहेत असं मी म्हणत नाही. पण भल्या डॉक्टरच्या भरवशावर खरेदीची पद्धत बांधायची नसते.

जबलपूरपुरतं माझं म्हणणं सरळ आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं. खमरिया, व्हेइकल आणि गन कॅरेज या तीन फॅक्टऱ्या तीन वेगळ्या कंपन्यांत गेल्या. रेल्वे वेगळी, सीजीएचएस वेगळी, ईसीएचएस वेगळी. एकाच शहरातले, एकाच वयाचे, त्याच पाच-सहा आजारांचे रुग्ण, आणि प्रत्येकाची खरेदी सुटी. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अटॉर्वास्टॅटिन, थायरॉक्सिन. या पाच सॉल्टवर इथल्या पेन्शनरांच्या पर्च्यांचा केवढा भाग उभा आहे, हे कोणताही फार्मासिस्ट तोंडी सांगेल. या पाचांची तरी एकत्र, सॉल्टच्या नावाने, गोळीमागे निव्वळ दराने, तपासलेल्या बॅचची खरेदी करा. तीन महिन्यांचा साठा एकदम द्या. पत्त्यावर सॉल्टचं नाव देवनागरीत आणि मोठ्या अक्षरात छापून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी काकू गुलाबी आणि पांढरी एकदम घेणार नाही. आणि दर महिन्याला दवाखान्याच्या भिंतीवर लिहा की ही गोळी आम्हाला इतक्या पैशांना पडली.

मालक हे आपण होऊन करणार नाही. म्हणून प्रत्येक पेन्शनर संघटनेने आणि प्रत्येक फॅक्टरीच्या युनियनने माहिती अधिकाराचा अर्ज करावा. प्रश्न एवढाच: गेल्या आर्थिक वर्षात सर्वाधिक वाटलेल्या वीस सॉल्टची यादी, प्रत्येकाची एक गोळी सूट वजा जाता किती रुपयांना पडली तो आकडा, त्यांतली किती स्थानिक विक्रेत्याकडून आली आणि किती बॅच तपासल्या. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं नाही किंवा ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं आलं, तर पहिलं अपील त्याच आस्थापनेतल्या वरिष्ठाकडे आणि दुसरं केंद्रीय माहिती आयोगाकडे. अर्जाचा मसुदा ज्या संघटनेला हवा असेल तिला मी लिहून देईन.